दोह्यातली थाई शेगडी आणि आमचं बोल्हाईचं घर

धाकट्या भावानं, सचिननं, दोह्याचं तिकीट पाठवलं तेव्हा आईनं एकच बजावलं: खाण्याआधी विचार. आमचं घर बोल्हाई देवीचा नेम पाळणारं. मेंढीचं मटण चालतं, बोकडाचं वर्ज्य. सचिन सहा वर्षं कतारमध्ये एसीची कामं करतो आणि तिथंही हे पाळतो, असं तो दर फोनवर आईला सांगतो. मी जात्याच संशयी, त्यामुळे मला सांगायची गरज नव्हती.

मुंबईहून चार तासांचा प्रवास. हिवाळ्यातच जा, संध्याकाळी मजेत फिरता येतं. सचिनची खोली दोह्याच्या बिन महमूद भागात. तीन दिवस त्यानं स्वतः मटण रांधलं. "मेंढीच आहे, दादा," असं रोज म्हणायचा. रश्श्यातलं हाड उलटंपालटं करून मला काय कळणार? मी जेवलो.

शुक्रवारी दुपार कलल्यावर अबू हमूरला गेलो. तिथं गाडीशिवाय जाऊ नका, आणि शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, जवळच्या चर्चमधल्या गर्दीमुळे पार्किंगला अर्धा तास जास्तीचा धरा. मोकळ्या मैदानात खाण्याच्या गाड्या लागल्या होत्या. नोई नावाच्या थाई बाईंच्या शेगडीवर लसूण, मिरी आणि नारळाचं दूध लावलेल्या मांसाच्या काड्या भाजत होत्या. चिकन, बीफ, मटण. तीन काड्या पंधरा रियालला, सोबत चिकट भाताची पुडी. वासानंच मी निम्मा विरघळलो.

तरी नोईबाईंना विचारलंच, मटण कशाचं? "मेंढीच आहे," सचिन मध्येच म्हणाला. मी म्हटलं, त्यांना बोलू दे. मग त्यानं हसत हसत हिंदीत आमच्या देवीचं सांगितलं. नोईबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, त्यांच्या घरीही एक देवी आहे, तिच्यासाठी त्या बीफ खात नाहीत. दिवसभर भाजतात, पण चव बहीण बघते. मला हेही खरं वाटेना. तेवढ्यात मागं उभ्या बहिणीनं बीफचा तुकडा चाखून मान हलवली आणि नोईबाईंनी मसाल्यात साखर वाढवली.

मग त्यांनी मटणाच्या काड्या माझ्यासमोरून बाजूला सारल्या.

"सप्लायर भेड़ बोलता है. हम देखा नहीं. तुम मत खाओ."

सचिन गाड्यांच्या रांगेकडं बघायला लागला. मी विचारलं, "तू मटण आणतोस, तेव्हा बघतोस?"

"इथं एवढं कोण विचारतं, दादा. आईला सांगू नकोस."

चिकन घेतलं. कडेला करपलेलं, आत रसाळ, आणि चिंच-मिरचीच्या आंबट चटणीनं डोळ्यांत पाणी आणणारं. दोह्यात गेलात तर चुकवू नका. मी मात्र रागातच खाल्लं. बोकड पोटात गेला असेल याचा राग कमी होता. तीन दिवस माझ्या डोळ्यांत बघून तो खोटं बोलला, याचा जास्त होता. परतताना गाडीत आम्ही फक्त रस्त्याबद्दल बोललो.

भारतात परतून घरी पोचलो, बूटही काढले नव्हते, तर आईनं विचारलं, सचिन पाळतो ना?

"पाळतो," मी म्हटलं.

तिनं पुन्हा विचारलं नाही. मी सगळं तपासून घेतो, हे तिला माहीत आहे.