म्हैस बाहेर, पाळणा गोठ्यात

घरांचे नकाशे काढणं हे माझं काम. गेल्या वर्षी औशाजवळच्या एका काकांना म्हटलं, दाबलेल्या मातीच्या विटांचं घर बांधू, उन्हाळ्यात गार राहील.

"माती न्हाई. भूकंपात मातीखालनं माणसं काढलीत म्या."

घर सिमेंटचं झालं. मातीच्या विटांचा फक्त गोठा बांधला.

आज दुपारी सहज गेलो, तर घराला कडी. म्हैस बाहेर कडुलिंबाखाली आणि गोठ्यात नातवाचा पाळणा.

"स्लॅबखाली उकाड्यानं लई रडायलं होतं. इथं निजलं," काका हळूच बोलले. नजर मात्र भिंतीवरच.

भूकंपात पडू नये म्हणून त्या भिंतीत लोखंडी सळ्यांचा पट्टा टाकलाय, हे मी त्यांना आज पहिल्यांदा सांगितलं. वर्षभर नुसता गारवाच सांगत बसलो होतो.

समोरचा कशाला भितोय, हे तुम्ही आधी विचारता का?