मेमरी डिस्कवरचं भाषण

मी मूळची सांगलीची, तोंडाने फटकळ. सासर साताऱ्याचं, आणि साताऱ्यातच माझा कॉम्प्युटर क्लास. विद्यार्थी बहुतेक रिटायर फौजी. सरहद्दीवर छाती काढून उभे राहिलेले हे लोक माऊस हातात घेतला की घामाघूम. "मॅडम, बिघडंल की वो." दिवसभर हेच. ऐकून ऐकून माझं डोकं फिरलं.

म्हणून एका रविवारी मी ठाण मांडून बसले. मशीनं जुनी, त्यांच्यावर युनिक्सच्या घराण्यातली फुकट मिळणारी सिस्टिम. प्रत्येक मशीनच्या रॅममधला एक तुकडा वेगळा काढला आणि सिस्टिमला सांगितलं, हीच तुझी डिस्क. याला मेमरी डिस्क म्हणतात. आधी ती फॉरमॅट करायलाच विसरले आणि तासभर एरर बघत बसले. मग जमलं. विद्यार्थ्यांच्या सगळ्या फायली आता तिथे. काम झटपट, आणि वीज बंद केली की पाटी कोरी. सोमवारी जाहीर केलं, "वाट्टेल ते करा. बंद करून चालू केलं की सगळं पहिल्यासारखं. काही ठेवायचं असेल तर तेवढं मला आधी सांगा." स्वतःचं इतकं कौतुक वाटलं म्हणून सांगू.

त्यांच्यात एक हवालदार होते. सव्वीस जानेवारीला गावच्या शाळेत त्यांच्या हस्ते झेंडावंदन ठरलं, आणि वर भाषण. जन्मात माईक धरलेला नाही. "लिवल्यालं वाचीन. न्हाईतर तोंडातनं शब्द फुटायचा न्हाई, गावात हसं हुईल." पंचवीस तारखेला सकाळपासून दुपारपर्यंत एका बोटाने टाइप करत बसले. मी आत चहा टाकायला गेले. त्यांचं लिहून झालं, ते उठले, आणि खोली सोडताना मेन स्विच बंद करायची फौजेतली शिस्त त्यांनी पाळली.

"झालं मॅडम. आता छापून द्या."

मी मशीन चालू केलं. फाईल कुठली असायला? दुसऱ्या कुणाची चूक असती तर मी खेकसले असते, पण शहाणपण माझंच होतं. म्हटलं, तुम्ही सांगा, मी टाइप करते. त्यांनी दोन वाक्यं सांगितली, पुढचं आठवेना. एवढंच म्हणाले, "झेंडा सकाळी आठला हाय." आणि गावच्या गाडीला गेले.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी स्कूटर काढून मी त्यांच्या गावी हजर. झेंडा वर गेला, आणि हवालदार रिकाम्या हातांनी माईकपुढे उभे राहिले. माईकचा दांडा एकदा धरला, सोडला. मागची मोठी पोरं खुसखुसायला लागली. मी मान खाली घातली. मग त्यांची नजर बायकांच्या बाजूला गेली. तिथे त्यांची बायको बसली होती.

"मी एकवीस वर्सं फौजेत व्हतो," ते म्हणाले. "तवा उसाला पाणी हिनं पाजलं. पोरांची शाळा हिनं बघितली. माज्या आईचं दुखणं हिनं काडलं. मेडल मला मिळालं. हिला कुणी सॅल्यूट केला न्हाई, त्यो आज मी करतोय."

आणि खाडकन पाय जुळवून त्यांनी सॅल्यूट ठोकला. पटांगण टाळ्यांनी दणाणलं. त्या माउलीने तोंडाला पदर लावला. ती हसत होती, रडतही होती, आणि मीही तेच करत होते.

नंतर हवालदारांना विचारलं, "हे सगळं काल लिहिलेलं होतं?"

"न्हाई वो. त्यात निस्ती पलटण आन् पोस्टिंग."

मी त्यांची माफी मागितली. म्हटलं, दर पाच मिनिटांनी फायली खऱ्या डिस्कवर उतरतील अशी सोय आजच करते, परत असं व्हायचं नाही. तेवढ्यात त्यांच्या बायकोने माझा हात धरला.

"आवं मॅडम, बाकीच्यांचं काय ते करा. ह्यांचं मशीन तेवढं हाय तसंच ऱ्हाऊ द्या."