मागे येता येतं

नरडाण्याच्या जिनिंग मिलमध्ये अक्का कापसाच्या गाड्यांची नोंद कॉम्प्युटरवर करायच्या. त्यासाठीच्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका मी लिहिली होती. एका बोटाने टाइप करताना त्या प्रत्येक बटणाआधी हात पदराला पुसायच्या. काही अडतं का, असं मी दर फेरीला विचारायचो. त्या हसून अहिराणीत म्हणायच्या, "बठ्ठं समजी गयं, भाऊ." म्हणजे सगळं समजलं.

एकदा गेलो तेव्हा अक्का एका नव्या बाईला काम शिकवत होत्या. समोर माझी पुस्तिका नव्हती, त्यांनी स्वतः लिहिलेली वही होती. पहिल्याच पानावर होतं : 'घाबरू नका. चुकीचं बटण दाबलं तर काही बिघडत नाही. मागे येता येतं.'

माझ्या साठ पानांत हे कुठेच नव्हतं.

"अक्का, मग सगळं समजलं असं मला का सांगायचात?"

त्या ओशाळल्या. "तुम्ही एवढं मेहनतीनं लिहिलेलं. तोंडावर कसं सांगायचं?"

मी खुर्ची ओढून शेजारी बसलो. म्हटलं, "आता सांगा. पहिल्यांदा कुठे अडलात?"

त्या जरा घुटमळल्या. मग हळूच म्हणाल्या, "भाऊ, हे चालू कुठून करायचं, तेच तर नव्हतं सापडलं."