माझ्या हाताच्या उंचीचं रेलिंग

छत्तीसगढातल्या बीरगांवच्या आमच्या रस्त्याला ओळीनं दुकानं आहेत आणि सगळ्या पाट्यांवर एकच लिहिलेलं आहे, वेल्डिंग आणि फॅब्रिकेशन. लोकांना दोन्ही एकच वाटतं. मी चौथीपर्यंत शिकले, पण हा फरक मला कळतो, कारण माझ्या नवऱ्यानं आयुष्यभर कारखान्यात फॅब्रिकेशन केलं. कोणी त्याला वेल्डर म्हटलं की तो चिडायचा. वेल्डर जोडतो. फॅब्रिकेटर आधी मोजतो, खुणा करतो, कापतो, वाकवतो, उभं करून बघतो आणि मग जोडायला देतो. ब्लाऊज बेतणं वेगळं आणि मशीनवर शिवणं वेगळं, तसंच ते.

सुट्टीच्या दिवशी तो शेजाऱ्यांची गेटं, खिडक्या करायचा. टेपचं दुसरं टोक धरायला मी. "टोक सोडू नको व," एवढंच बोलायचा. अख्ख्या पाऱ्याला, म्हणजे आमच्या मोहल्ल्याला, त्यानं रेलिंग लावून दिलं. आमच्या बाहेरच्या जिन्याचं राहिलं, आणि तो मेला. सहा वर्षं झाली.

या हिवाळ्यात मी त्या जिन्याच्या आठव्या पायरीवरून पडले. छतावर रोज जावंच लागतं. कारखान्यांची काळी राख पडते, दोन दिवस झाडली नाही तर वाळत घातलेलं लुगडंही काळं होतं. डावं मनगट मोडलं. मुलगा हैदराबादहून आला. त्याला मराठी कळतं, पण बोलतो हिंदी.

"आई, एक बार और गिरी तो मैं ले जाऊंगा. घर किराये पे दे देंगे."

मी त्याच्याकडे एकदा महिनाभर राहिले आहे. सातव्या मजल्यावर. सकाळी सगळे निघून जातात, आणि मला लिफ्टचं बटण दाबायची भीती वाटते. इथंही मी एकटीच असते, पण इथं दार माझं आहे.

प्लास्टर निघाल्यावर चौकातल्या दुकानातून वेल्डर बोलावला. चाळिशीचा, छत्तीसगढी, स्वभावानं बरा. त्यानं खालची पायरी पाहिली, वरची पाहिली, आणि म्हणाला, "हो जाएगा अम्मा." चार दिवसांनी दुकानात पूर्ण जोडलेलं रेलिंग टेम्पोतून घेऊन आला. वेल्डिंग सुंदर होतं, कुठं थेंब नाही की भोक नाही. पण जिन्यावर ते बसेना. आमच्या पायऱ्या गवंड्यानं हातानं बांधलेल्या, एक उंच तर एक बुटकी. त्याच्या सगळ्या उभ्या पट्ट्या सारख्या मापाच्या. तीन अधांतरी लोंबत होत्या.

"नीचे सीमेंट भर देंगे, पता भी नहीं चलेगा."

"मले पता चलते," मी म्हटलं. "काप सारं."

"अम्मा, पूरा वेल्ड हो गया है."

"मोजायच्या आधी वेल्ड काहून केलं?"

तो रुसून टेम्पोत जाऊन बसला. मी घरातून नवऱ्याची टेप आणली. दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं, म्हणून त्यावर वीट ठेवली. वीट सरकत नाही आणि बोलतही नाही. एकेका पायरीचं माप घेऊन तिथंच खडूनं लिहीत गेले. पाचव्या पायरीला तो उठून आला, वीट बाजूला केली आणि टोक धरलं.

"किसने सिखाया?"

"कोणी नाही. धरून धरून आलं."

मग त्यानं पट्ट्या कापल्या. मी सांगितलं, आधी नुसता टॅक मार, कच्चा टाका घालतात तसा, मी हात फिरवून बघते, मगच भर. दोरीला नट बांधून मी पट्ट्या सरळ आहेत का ते पाहत होते. वरचा पाइप किती उंच ठेवायचा, एवढंच राहिलं.

"तीन फीट रखते हैं, सब के लिए ठीक रहता है."

मी आठव्या पायरीवर उभी राहिले, हात सैल सोडला, आणि जिथं तळवा आला तिथं खडूची रेघ मारली. सव्वादोन फूट. मी आता वाकले आहे, पूर्वीइतकी उंच नाही.

"इतना नीचा? बाकी लोग क्या पकड़ेंगे?"

"बाकी कोन येऊन राहिलं?"

तो "हव" म्हणाला आणि वेल्डिंगची काळी काच डोळ्यांवर ओढली. रेघेवर पाइप धरून टॅक मारला.

मे महिन्यात मुलगा तीन दिवस आला. छतावर जाताना त्यानं रेलिंग धरलं, तर बादली उचलताना वाकतो तसा एका बाजूला वाकला.

"आई, ये तो बहुत नीचा बना दिया."

"तुह्यासाठी नाही बनवलं."

तो वरून उतरला तो हात खिशात घालून. किराया, हैदराबाद, काहीच निघालं नाही. तिसऱ्या दिवशी गेला.

तो गेल्यावर छत झाडलं. तीन दिवसांची राख होती. उतरताना आठव्या पायरीवर हात टाकला तर पाइप उन्हानं तापून निखारा झालेला. पदराचं टोक गुंडाळलं आणि धरून खाली आले.