टकलावरचा उजेड

चहा घ्या आधी. आणि भिंतीवरच्या त्या चित्राकडे बघू नका. बघितलंत? बघणारच! म्हणजे आता सांगणं आलं.

निवृत्त झाल्यावर माणसाला काहीतरी खूळ लागतं. मला चित्रकलेचं लागलं. काढायचं नव्हे हो, समजायचं! मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून मी रचना, छाया-प्रकाश असं बोलायला लागलो. घरात ऐकणारी एकटी आमची बायको, सुलभा.

त्यातच डॉक्टरांनी माझं तळलेलं बंद केलं. वर रोज संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यापर्यंत चालायचं. मला एकट्याला वाईट वाटू नये म्हणून सुलभाने स्वतःचेही तळलेले बांगडे सोडले. बांगडे! रत्नागिरीत जन्मलेल्या बाईने! मी रोज पिशवी घेऊन निघायचो. मांडवीला पोचायचो का, हे आत्ता विचारू नका.

तर शाळेतल्या चित्रकलेच्या सावंत मॅडमनी आपल्या जलरंगांचं प्रदर्शन भरवलं. मी सुलभाला घेऊन गेलो आणि रामआळीच्या चित्रासमोर थांबलो. संध्याकाळची वेळ, दुकानं निळसर सावलीत, मधूनच तिरकं ऊन.

"सांग, तुझी नजर आधी कुठे गेली?"

"त्या दुकानाच्या पाटीवर."

"अगो, नाय! डोळे बारीक कर. सगळं चित्र निळं-करडं, आणि त्या पाठमोऱ्या माणसाच्या हातात एकच केशरी ठिपका. हा ठिपका काढला तर चित्र मेलं!"

तिने डोळे बारीक केले. चित्राच्या अगदी जवळ सरकली. मला वाटलं, भिडली कला बाईला! मागे चार माणसंही जमली. मग काय, मला चेवच आला.

"जलरंगात उजेडासाठी रंग लावत नाहीत, कागद कोरा सोडतात. याचं टक्कल बघा. एवढासा कोरा कागद, पण ऊन कसं चकाकतंय! सगळी आळी त्या टकलाकडे धावतेय!"

"खरंच," सुलभा म्हणाली. "पण याचा हात तोंडाशी का हो?"

"कष्टकरी माणूस गो. दिवसभर राबलाय, घाम पुसतोय बिचारा."

"आणि समोर भज्यांची गाडी कशाला?"

"तोल! रचनेचा तोल सांभाळायला."

"बरं. आणि ती केशरी पिशवी? पडद्याच्या उरलेल्या कापडाची, मी शिवलेली?"

आता तुम्हीच सांगा, स्वतःची पाठ कुणी कधी बघितलीय? मी हातातली पिशवी हळूच मागे लपवली. मागे चार माणसं उभी होती, हे विसरलो. एकजण फिसकन हसला.

तेवढ्यात मॅडम आल्या. "काका, ओळखलंत ना स्वतःला? बाकीचे सारखे हलायचे हो. तुम्ही मात्र रोज प्लेट संपेपर्यंत एका जागी! फार मदत झाली."

सुलभा ओरडली असती तर परवडलं असतं. तिने फक्त चित्र विकत घेतलं. येताना बाजारातून बांगडे घेतले.

तेव्हापासून ती कुरकुरीत बांगडा खाते, मी समोर बसून दुधी खातो. लाज वाटते, पण वासही येतो हो! शिवाय मांडवीपर्यंत आता तीही सोबत असते.

आलीच बघा ती. आता तुम्हाला डोळे बारीक करायला सांगेल. प्रत्येक पाहुण्याला सांगते, आणि वर म्हणते, "मला कुठलं कळायला? मी पाटीच बघत होते. टक्कल ह्यांनीच दाखवलं!"