देवराईतला वठलेला मोह

दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या उन्हाळ्यात, ऐन फाल्गुनात, पापनाशमजवळच्या आमच्या गावच्या देवराईतलं वठलेलं मोहाचं झाड मी पाडवलं. आज तंजावुरात शेजारच्या देवळात मोहाच्या तेलाचा दिवा लागला आणि त्या वासानं ती सकाळ आठवली.

गोऱ्या साहेबाच्या हाताखाली मी जंगल खात्यात नोकरी केलेली, म्हणून राईची देखरेख गावानं माझ्याकडे दिली होती. वठलेलं झाड काढलं की रोपांना ऊन मिळतं, एवढं मी शिकलो होतो. राईत एकटा राहणारा म्हातारा पुजारी मुत्तू मला, इथल्या मराठी माणसांना म्हणतात तसं, 'रायर' म्हणे. तो म्हणाला, "रायर, माझेही दात पडलेत. मलाही पाडणार का?"

रिवाजाप्रमाणे देवाला विचारलं. एक पांढरं, एक लाल, अशी वेगवेगळ्या पानांत गुंडाळलेली दोन फुलं देवापुढे ठेवली. उचललेल्या पुडीत पांढरं निघालं तर होकार. पांढरं निघालं.

खोड आडवं झालं, भुसा उडाला आणि ढोलीतून पिंगळ्याची चार पिल्लं मातीत पडली.

"देवानं हो म्हटलं होतं," मी म्हणालो.

"तुम्ही झाडाचं विचारलंत, रायर. आत राहणाऱ्यांचं नाही."

तेव्हा मला ते बोलणं उद्धट वाटलं. नंतर मात्र मी राईतलं एकही वठलेलं झाड पाडू दिलं नाही.

तीन पिल्लं संध्याकाळपर्यंत मेली. चौथं मुत्तूनं मडक्यात ठेवलं. तो त्याला टोळ भरवी आणि दिवसभर त्याच्याशी बोले. चैत्रातल्या एका सकाळी मी गेलो, तेव्हा पिल्लू उडून गेलं होतं, मडकं रिकामं होतं आणि मुत्तू दारात एकटाच बसला होता.