धुरी दिलेली बिअर

"कच्ची आहे," ग्लास टेबलावर ठेवत मी म्हणालो. "हिरव्या सफरचंदाचा वास येतोय. अजून आठ दिवस तरी लागतील."

"आठ दिवस?" आमचे शेठ खुर्चीतून उठलेच. "शनिवारी मुंबईचे हॉटेलवाले चव घ्यायला येताहेत. आज बुधवार. तुम्हाला ब्रुअर म्हणून ठेवलंय का ज्योतिषी म्हणून?"

"शेठ, यीस्टला कॅलेंडर वाचता येत नाही."

तेव्हा मी असाच बोलायचो, फटकळ. दारात बाटल्या राखणारे भिलाआबा रिकामा क्रेट घेऊन उभे होते आणि सगळं ऐकत होते. ते मला दिसत होते, तरी मी बोलत राहिलो.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. जळगावबाहेर आमची छोटी ब्रुअरी होती, मी तिथला हेड ब्रुअर. आम्ही साधी लागर बिअर बनवायचो. एकदा शेठ युरोप फिरून आले आणि बेल्जियमची बिअर डोक्यात घेऊन आले. तिकडे काही बिअर बाटलीत भरताना थोडी साखर आणि जिवंत यीस्ट घालतात. यीस्ट ती साखर खातं, गॅस सोडतं, आणि बंद बाटलीत बिअर हळूहळू मुरते. त्याला बॉटल कंडिशनिंग म्हणतात. फेस दाट येतो, चव मुलायम होते. पण बाटलीच्या आत जोर फार असतो, म्हणून काच जाड लागते. मी जाड बाटल्या मागितल्या. शेठ म्हणाले, "आधी सॅम्पल तर होऊ द्या." मिळाल्या बाजारातून परत आलेल्या, धुतलेल्या, घासून पांढऱ्या पडलेल्या बाटल्या. मी कुरकुर केली आणि त्याच भरल्या.

जानेवारी होता. आमच्या गोडाऊनमध्ये रात्री इतका गारठा की यीस्ट झोपूनच जायचं. त्याला पंचवीस डिग्रीची ऊब हवी. शेठच्या केळीच्या वखारीत पिकवण्याची एक खोली रिकामी होती. जाड भिंती, घट्ट दार, बारीकशी खिडकी. दोनशे बाटल्या तिथं ठेवल्या आणि राखायला भिलाआबांना दिल्या.

भिलाआबा चोपड्याकडचे. पन्नाशी उलटलेली, सगळा जन्म केळीत गेलेला. दारूच्या थेंबाला शिवले नव्हते, पण नाक असं की खोलीचं दार उघडताच कोणता घड उद्या विकायचा ते सांगत. पहिल्या दिवशी मी त्यांना एक बाटली उघडून हुंगायला दिली. बेल्जियमच्या त्या यीस्टला खरोखरच पिकलेल्या केळ्याचा वास असतो.

"साहेब, हाई ते पिकेल केळंना वास शे!" आबा हसत सुटले. त्या दिवसापासून ती बिअर त्यांच्या लेखी त्यांच्याच घरची झाली. रोज सकाळी माझ्याआधी खोलीत जाऊन बाटल्या पाहून यायचे.

गुरुवारी सकाळी मी वखारीवर पोचलो तर अंगणात माणसं जमली होती. आबा ओट्यावर बसले होते, तोंडावर उपरणं दाबून, आणि उपरणं लाल झालं होतं. खोलीच्या दारातून बिअरचा ओघळ बाहेर आला होता. आत काचाच काचा. आणि कोपऱ्यात मातीच्या मडक्यात गोवऱ्या, अजून धुमसणाऱ्या.

कपाळ माझं! केळी लवकर पिकवायची तर खोली बंद करून गोवऱ्यांची धुरी देतात. खोली तापते, घड पिकतात. बुधवारी माझं बोलणं ऐकून आबांनी तेच केलं होतं. माल कच्चा आहे, शनिवारी गिऱ्हाईक आहे, साहेब अडचणीत आहे. यावर केळीवाल्याला एकच उपाय माहीत. पण केळ्याला झाकण नसतं. तापलेल्या बाटलीत जोर वाढत गेला. सकाळी आबांनी एक बाटली बघायला उचलली आणि ती हातात फुटली. तिच्या मागून शेजारच्या वीसेक.

जीपमधून त्यांना धुळ्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. उजवा डोळा गेला.

शुक्रवारी शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. "रिपोर्ट लिहा. कामगारानं कोणाला न विचारता धुरी दिली."

"आणि बाटल्या जुन्या होत्या, ते?"

"धुरी दिली हे खोटं आहे का?"

"खोटं नाही."

"मग जेवढं खरं आहे तेवढं लिहा."

माझी बायको तेव्हा गरोदर होती आणि क्वार्टर कंपनीचं होतं. मी लिहिलं. बाटल्यांबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. जाड काच असती तर त्या धुरीतही टिकली असती, हे शेठ सोडले तर तिथं फक्त मलाच माहीत होतं.

शनिवारी हॉटेलवाले आले. वाचलेल्या बाटल्या मीच उघडल्या. आणि मेली उत्तम झाली होती! दाट फेस, केळ्याचा वास, मागून लवंगेचा तिखटपणा, सफरचंदाचा कच्चेपणा नावाला नाही. पाहुण्यांनी दुसरा ग्लास मागितला. बिअर चाखणारा घोट थुंकत नाही, कारण कडवटपणा घशात कळतो. त्या दिवशी मी थुंकला.

रविवारी धुळ्याला गेलो. आबांच्या अर्ध्या तोंडावर पट्टी होती. माझा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली.

"साहेब, पिकनी का?"

"पिकली आबा. अगदी बरोबर पिकली."

"मग बरं व्हयनं," ते म्हणाले. "चूक मनीच शे. तुम्हनावर काही येवाले नको."

बाटल्यांचं तेव्हा सांगायला हवं होतं. मी पिशवीतली मोसंबी काढून ठेवली आणि निघालो.

महिन्याभरात माझ्या रिपोर्टच्या आधारे त्यांना निष्काळजीपणासाठी कामावरून काढलं. हॉटेलवाल्यांचं पुढं काही जमलं नाही, बिअरही बंद पडली. मी दोन वर्षांनी ती नोकरी सोडली. चोपड्याच्या रस्त्यानं पुढं कितीदा गेलो, पण आबांच्या गावच्या फाट्यावर कधी उतरलो नाही.

आता नवी मुलं बॉटल कंडिशनिंग शिकायला माझ्याकडे येतात. त्यांना मी सांगतो, काच जाड घ्या. आणि काही फुटलंच, तर रिपोर्टमध्ये आधी बाटली लिहा, माणूस नंतर.